जॉर्ज नॉरिस : पक्षात राहून पक्षाशी भांडलेला सिनेटर

टांगावाला

१७ मार्च १९१०. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात जनगणनेसंबंधीच्या एका ठरावावरून खल चालला होता. विषय रटाळ, बाकं अर्धी रिकामी. पण आदल्या दिवसापासून सभापती जोसेफ कॅनन यांनी एक भूमिका लावून धरली होती. जनगणना संविधानात सांगितलेली आहे, म्हणून तिच्याशी संबंधित ठराव बाकीचं कामकाज बाजूला सारून घेता येतो. नेब्रास्का राज्यातून आलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा एक सदस्य हे कान टवकारून ऐकत होता. त्याच्या कोटाच्या खिशात एक कागद कितीतरी दिवस पडून होता. घड्यांवर फाटायलासुद्धा आला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, संविधानाने अग्रक्रम दिलेला एक ठराव मलाही मांडायचा आहे. सभागृह आपले नियम आपण ठरवील, असं संविधानातच लिहिलं आहे. मग जनगणनेला जो न्याय, तो नियमांना का नाही?

कॅननसाहेब आपल्याच निवाड्यात अडकले. हा सदस्य म्हणजे जॉर्ज विल्यम नॉरिस. आणि तो विरोधी पक्षाचा नव्हता, कॅननच्याच रिपब्लिकन पक्षाचा होता.

यात एवढं काय, हे कळायला कॅननची ताकद माहीत हवी. 'अंकल जो' म्हणून ओळखले जाणारे हे इलिनॉयचे म्हातारबा. तोंडात कायम चिरूट. आपल्याकडचा सभापती निदान निःपक्ष असल्याचं दाखवतो तरी. त्यांच्याकडे सभापतीच बहुमतवाल्या पक्षाचा पुढारी असतो. प्रत्येक समितीवर कोण बसणार, अध्यक्ष कोण होणार, हे कॅनन ठरवायचे. कुठलं विधेयक सभागृहापुढे यायचं आणि किती वेळ चर्चा व्हायची हे ठरवणारी नियम समिती पाच जणांची, आणि तिचे अध्यक्षही कॅननच. एखादा सदस्य बोलायला उभा राहिला की ते विचारायचे, 'सदस्य कशासाठी उभे आहेत?' उत्तर पसंत पडलं नाही तर तो सदस्य त्यांना दिसायचाच नाही. एका मतदाराने आपल्या प्रतिनिधीकडे सभागृहाच्या नियमांची प्रत मागितली, तर त्याने कॅननचा फोटो पाठवून दिला, असा किस्सा सांगतात.

नॉरिसच्या ठरावात साधी गोष्ट होती. नियम समिती मोठी करा, तिचे सदस्य सभागृहाने निवडावेत आणि सभापती त्या समितीत नसावा. कॅननच्या लोकांनी वेळकाढूपणा सुरू केला, कारण सेंट पॅट्रिक दिनामुळे त्यांची बरीच माणसं बाहेर पांगलेली होती. रात्रभर सभागृह चाललं. गैरहजर सदस्यांना पकडून आणायला माणसं धाडली. कुणी बाकावर पेंगतंय, कुणी सिगार ओढतंय, आणि बंडखोर मात्र उठायला तयार नाहीत. शेवटी १९ तारखेला कॅननने ठराव नियमबाह्य ठरवला. सभागृहाने तो निर्णय १८२ विरुद्ध १६३ मतांनी फिरवला आणि नंतर ठराव १९१ विरुद्ध १५६ने मंजूर केला. चाळीसहून जास्त रिपब्लिकन विरोधकांबरोबर गेले होते.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. हरल्यावर कॅनन म्हणाले, मला खुर्चीवरून काढायचं असेल तर तसा प्रस्ताव आणा, मी मताला टाकतो. एका डेमोक्रॅटने तो लगेच आणला. तेव्हा नॉरिसने कॅननच्या बाजूने मत दिलं. भांडण खुर्चीच्या अधिकाराशी होतं, ते मिळालं, आता म्हाताऱ्याला कशाला खाली ओढायचं?

माझ्या मते नॉरिसचं सगळं राजकारण या तीन दिवसांत दिसतं. भाषणबाज पुढारी अमेरिकेत तेव्हा पैशाला पासरी होते. सत्ता प्रत्यक्षात कुठल्या कलमात, कुठल्या समितीत, कुठल्या तारखेत लपलेली असते, हे हुडकून तिथे बोट ठेवणारा हा एक.

मूळचा ओहायोचा. जन्म १८६१चा. तीन वर्षांचा असताना वडील गेले, त्याच वर्षी थोरला भाऊ यादवी युद्धात गेला. बहिणींच्या घोळक्यात, शेतावर राबणाऱ्या आईच्या हाताखाली वाढला. वकिली शिकून १८८५मध्ये नेब्रास्काला गेला, पुढे मॅकूक या गावी स्थिरावला. १८९०च्या दशकात तिथे दुष्काळ पडला, शेतं गहाण पडली. नॉरिस तेव्हा जिल्हा न्यायाधीश होता. जो शेतकरी कर्ज फेडायची धडपड करतोय त्याच्या शेताच्या लिलावाला मान्यता देणं तो पुढे ढकलायचा. १९०३ला वॉशिंग्टनमध्ये पोचला तेव्हा मात्र अगदी सरळमार्गी पक्षभक्त होता. म्हणजे होता असं त्याला वाटत होतं. वॉशिंग्टन जयंतीला सभागृहाने सुट्टी घ्यावी असा ठराव विरोधकांनी आणला, याने भाबडेपणाने 'हो' म्हटलं आणि पाहतो तर आपला सगळा पक्ष 'नाही'च्या बाजूला. राष्ट्रपित्याच्या जयंतीतसुद्धा पक्ष आडवा येतो हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं म्हणे.

१९१३ला तो सिनेटमध्ये गेला आणि तीस वर्षं राहिला. ४ एप्रिल १९१७ला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारायच्या ठरावावर सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ मतं पडली. सहातला एक नॉरिस. आपण सोन्याच्या हुकमावरून युद्धात चाललोय, अमेरिकेच्या झेंड्यावर डॉलरची खूण उमटवतोय, असं तो भर सभागृहात बोलला. देशद्रोही, पळपुटा, काय काय शिव्या पडल्या असतील कल्पना करा. त्याआधी महिनाभरच, व्यापारी जहाजांवर तोफा बसवायच्या विधेयकाला त्याने आणि आणखी काहींनी बोलत राहून अडवलं होतं, तेव्हा अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना 'हट्टी माणसांचं टोळकं' म्हटलं होतं. नॉरिसने काय केलं? राज्यपालांना कळवलं, माझ्यासाठी खास निवडणूक घ्या, लोकांना मी नको असेन तर मी जातो. राज्यपालांनी नकार दिला. मग राज्याच्या राजधानीत, लिंकनमध्ये सभागृह भाड्याने घेतलं. मित्रांनी सांगितलं होतं, येऊ नकोस, लोक खवळलेत. हा मंचावर एकटाच गेला. प्रास्ताविक करायला कुणी तयार नव्हतं. 'मी तुम्हाला खरं काय ते सांगायला घरी आलोय,' एवढ्यावर सुरुवात केली आणि सभागृहात टाळ्या पडल्या. १९१८ला पुन्हा निवडून आला.

त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र नेब्रास्कापासून लांब, टेनेसी नदीवर. अलाबामात मसल शोल्स इथे सरकारने युद्धासाठी नायट्रेटचे कारखाने आणि विल्सन धरण बांधायला घेतलं. युद्ध संपलं, धरण अर्धवट. १९२१ला हेन्री फोर्ड आला आणि म्हणाला, हे सगळं मला द्या. सरकारने कोट्यवधी ओतलेल्या मालमत्तेसाठी त्याने ५० लाख डॉलर देऊ केले, आणि धरणाची वीज शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली. नदीकाठी ७५ मैल लांबीचं शहर वसवीन म्हणाला. झालं, जमिनीचे दलाल तुटून पडले. नॉरिस सिनेटच्या कृषी समितीचा अध्यक्ष होता. आदम आणि ईव्हचा स्वर्गातल्या बागेवरचा हक्क गेल्यापासून जमिनीचा एवढा मोठा सट्टा झाला नसेल, असं म्हणून त्याने प्रकरण समितीत रोखून धरलं. १९२४ला फोर्ड कंटाळून गेला. नदी, वीज, पूर, खत हे सगळं सरकारने एकत्र सांभाळावं असं नॉरिसचं विधेयक १९२८ला मंजूर झालं, कूलिजने सही न करता मारलं. १९३१ला पुन्हा मंजूर झालं, हूवरने नकाराधिकार वापरला. दोघेही त्याच्याच पक्षाचे अध्यक्ष! १८ मे १९३३ला डेमोक्रॅट रूझवेल्टने सही केली आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी उभी राहिली. तिने बांधलेल्या पहिल्या धरणाला नाव दिलं नॉरिस धरण.

आणि १९३४मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने आपल्या राज्यात विधिमंडळाचं एक सभागृहच उडवायचं ठरवलं. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू, लेख आधीच फार लांबला.

---

रानजाई

वाचनखूण साठवली. एक विचारायचंय. इतकी वर्षं पक्षाच्या विरोधात मतं देऊनही पक्षाने हाकललं कसं नाही?

टांगावाला

@रानजाई, हाकलायची सोयच नव्हती हो. तिथे पक्षादेश मोडला म्हणून आमदारकी-खासदारकी जात नाही. पण मारायचं तिथे मारलंच. तेव्हा पोस्टमास्तरासारख्या नेमणुका स्थानिक प्रतिनिधीच्या शिफारशीने व्हायच्या. १९१०च्या बंडानंतर अध्यक्ष टाफ्टने बंडखोरांच्या शिफारशी बंद केल्या. म्हणजे मतदारसंघात चार माणसांना चिकटवायची ताकद गेली.

वाचवलं ते प्राथमिक निवडणुकांनी. पक्षाचा उमेदवार मतदारच निवडणार, त्यामुळे वरून तिकीट कापता येत नाही. १९१२ला त्याने सिनेटच्या उमेदवारीसाठी आपल्याच पक्षाच्या विद्यमान सिनेटरला हरवलं. त्या सिनेटरचं नाव काय असेल? नॉरिस ब्राउन!

चिंचेचं बोटूक

नावांचा विषय निघालाच आहे तर १९३०चा किराणावाला कसा विसरलात टांगावाले? ही तर खरी मेजवानी.

झालं असं, नॉरिस पुन्हा उभा राहणार. पक्षातल्या मंडळींना तो नकोच होता. आणि अचानक ब्रोकन बो नावाच्या गावातल्या एका किराणा दुकानाच्या व्यवस्थापकाने उमेदवारी भरली. नाव: जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस. अक्षरन् अक्षर तेच. मतपत्रिकेवर दोघांत फरक दाखवायची सोय कायद्यात नव्हती. म्हणजे मतदाराने 'जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस'वर फुली मारली तरी ती कुणाला मोजायची? मतंच बाद झाली असती. तिसरा उमेदवार आरामात निघाला असता.

पण देव असतो. अर्ज टपालाने टाकला, मध्ये ४ जुलैची सुट्टी आली आणि तो मुदतीनंतर पोचला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बाद ठरवला. मग सिनेटच्या समितीने खोदून काढलं की या सद्गृहस्थाला राजकारणाची आवड एकाएकी कुणी लावली. पुढे शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल शिक्षाही झाली.

आपल्याकडे २०१४ला रायगडात गीते साधारण एकवीसशे मतांनी जिंकले आणि हरलेल्या तटकऱ्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांवर मतं घेतली होती, आठवतंय? निदान आता यंत्रावर फोटो तरी असतो.

अर्धा_कप

लेख चांगला, पण थोडा आरतीसारखा झालाय. युद्धविरोधाचं एवढं कौतुक करताना हेही सांगा की १९४०ला सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या याच नॉरिसने डिसेंबर १९४१ला जपानविरुद्धच्या युद्धाच्या बाजूने मत दिलं. तत्त्व कुठे गेलं?

टांगावाला

पर्ल हार्बरवर बाँब पडल्यावर सिनेटमध्ये एकही विरोधी मत नव्हतं. नॉरिसने १९१७ला 'युद्ध कधीच नको' असं म्हटलं नव्हतं. हे युद्ध सावकारांच्या पैशाच्या वसुलीसाठी आहे, असा त्याचा आक्षेप होता. तो आक्षेप बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. मलाही तो जरा एकांगी वाटतो, जर्मनीच्या पाणबुड्या काही न्यूयॉर्कच्या बँकांनी सोडल्या नव्हत्या. पण १९४१ची परिस्थिती वेगळी होती हे मान्य करायला हरकत नसावी.

निवृत्त_लेखनिक

मी विधिमंडळाच्या कामकाजाशी संबंधित नोकरीत आयुष्य काढलं, म्हणून दोन शब्द.

आपल्याकडे नॉरिस होणं १९८५ पासून जवळपास अशक्य आहे. संविधानाच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, तरी अपात्रता. कायदा आणला तो सकाळी एका पक्षात, संध्याकाळी दुसऱ्या पक्षात अशा लोकांना आवरायला. ते आवरले गेले का, हे गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. घाऊक पक्षांतर चालतं. मात्र एखाद्या आमदाराने उठून 'हे विधेयक माझ्या तालुक्याच्या शेतकऱ्याला मारणारं आहे, मी पक्षातच आहे पण मत विरोधात देणार' म्हटलं, तर तो जातो. नॉरिस पक्ष न सोडता विरोधात मत द्यायचा. आपल्या कायद्याने हाच दरवाजा बंद केला. मी तर म्हणतो, पक्षादेश फक्त विश्वासमत आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा. ही मागणी नवी नाही, बऱ्याच जणांनी केलेली आहे, ऐकतो कोण?

दुसरं, नियम समिती. आपल्याकडे कामकाज सल्लागार समितीत काय ठरतं हे सामान्य वाचकाला रुक्ष वाटतं. पण कुठला विषय आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला ठेवायचा, यातच अर्धं राजकारण असतं. बातमीदार बाहेर भाषणं टिपत असतात. टांगावाल्यांनी हे बरोबर पकडलं आहे.

पोफळी

+१ लेखनिककाका.

टेनेसी व्हॅलीवरून आठवलं, याचा एक धागा थेट बाबासाहेबांपर्यंत येतो आणि मराठीत त्यावर फार कमी बोललं जातं. १९४२ ते १९४६ डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात. जुलै १९४३ला दामोदर नदीला पूर आला, बरद्वानजवळ बांध फुटला आणि कलकत्त्याचा उत्तरेशी रेल्वेसंबंध तुटला. युद्धाचे दिवस, बंगालात दुष्काळ चालू. चौकशी समिती नेमली गेली, बरद्वानचे महाराज अध्यक्ष, मेघनाद साहा सदस्य. तिने सांगितलं, टेनेसीसारखी एकच यंत्रणा हवी.

ते पुढे रेटलं बाबासाहेबांनी. ३ जानेवारी १९४५ला कलकत्त्यात बंगाल-बिहारच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. टेनेसी व्हॅलीतला अभियंता वुर्डुइन इथे आला आणि ऑगस्ट १९४५मध्ये त्याचा प्राथमिक आराखडा आला. पूर अडवायचा, सिंचन, वीज, जलवाहतूक, सगळं एका खोऱ्यासाठी एकत्र. नदीला राज्याच्या सीमा कळत नाहीत, तेव्हा तिची व्यवस्थाही सीमेवर तुटता कामा नये, हा मुद्दा त्यांनी सतत मांडला. ७ जुलै १९४८ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन आलं. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही त्यातली पहिली धरणं.

मसल शोल्समध्ये नॉरिसने फोर्डला वीज दिली असती, तर खोऱ्याच्या एकत्र कारभाराचा नमुना कुणापुढेच नसता, दामोदरपुढेही नाही.

बांधावरचा

धरणांचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. आमचं मूळ गाव एका धरणाच्या पाण्याखाली आहे. आजोबांना मिळालेल्या जमिनीत कुसळं उगवायची. त्यामुळे 'लोकांसाठी वीज' हे शब्द ऐकले की माझा पहिला प्रश्न: कुठल्या लोकांसाठी?

नॉरिस धरणाने जवळजवळ २,९०० कुटुंबं उठवली. क्लिंच नदीच्या काठचे डोंगरी शेतकरी. जे जमीनमालक होते त्यांना पैसे मिळाले, जे कुळं होती त्यांना जवळपास काहीच नाही. थडगी खणून दुसरीकडे पुरली. आणि कामगारांसाठी धरणाजवळ जे नमुनेदार गाव वसवलं, त्याचंही नाव नॉरिस, प्रत्येक घरात विजेची शेगडी वगैरे, तिथे काळ्या माणसांना घर मिळत नव्हतं. हेही त्याच सुधारकांच्या हातून झालं.

टांगावाला

@बांधावरचा, एकदम मान्य. मला वाटतं लेखात हे यायला हवंच, आणि तुम्ही लिहिलंत तसं मला लिहिता आलं नसतं. आणखी एक त्याच रांगेतलं: १९१३ला कॅलिफोर्नियातली हेच हेची दरी बुडवून सॅन फ्रान्सिस्कोला पाणी आणि वीज द्यायच्या कायद्याला नॉरिसचा जोरदार पाठिंबा होता. ती दरी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आहे. वीज कंपन्यांच्या हातून काढणं या एका ध्यासापुढे बुडणाऱ्या खोऱ्याचा विचार त्याला दुय्यम वाटला, असंच म्हणावं लागेल.

फक्त दुसरी बाजू म्हणून सांगतो. १९३५च्या सुमाराला अमेरिकेत दहातल्या एका शेतघरात वीज होती. खाजगी कंपन्या म्हणायच्या, शेतात तार ओढणं परवडत नाही. नॉरिस आणि टेक्सासच्या सॅम रेबर्न यांनी आणलेला १९३६चा ग्रामीण विद्युतीकरण कायदा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज देणारा होता. शेतकऱ्यांनी स्वतः सभासद गोळा करून तारा ओढल्या. सहकाराच्या गोष्टी आपल्याला नव्याने सांगायला नकोत.

ओमाहाकर

नमस्कार मंडळी, नेब्रास्कात राहतो, इथे मराठी माणूस नॉरिसवर लिहितोय हे पाहून धन्य झालो. इथल्या नव्या पिढीला विचाराल तर नॉरिस म्हणजे शाळेचं नाव.

एका सभागृहाबद्दल मी सांगतो. १९३४ला नॉरिस स्वतःच्या गाडीने राज्यभर फिरला, त्यात टायरचे दोन संच झिजवले असं इथे आवर्जून सांगतात. त्याचा मुद्दा साधा होता. दोन्ही सभागृहं वेगवेगळं विधेयक मंजूर करतात, मग मोजक्या माणसांची संयुक्त समिती बंद दाराआड बसते आणि कायदा खरं तर तिथे होतो. मतदाराला कुणाला जाब विचारायचा तेच कळत नाही. एक सभागृह म्हणेल 'त्यांनी पाडलं', दुसरं म्हणेल 'यांनी पाडलं'. नोव्हेंबरमध्ये २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी प्रस्ताव पास. त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवणं आणि घोड्यांच्या शर्यतीवरचा जुगार हेही होतं, तिन्ही पास झाली. बिचारा नॉरिस कट्टर दारूबंदीवाला, त्याला पिणाऱ्यांच्या गर्दीचा फायदा झाला असं म्हणणारेही आहेत.

१३३ सदस्यांचं विधिमंडळ १९३७ पासून ४३ वर आलं. आता ४९ आहेत. आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं! लिंकनच्या विधानभवनात दोन सभागृहं बांधलेली होती, त्यातलं पश्चिमेकडचं वापरात आहे, पूर्वेकडचं एखाद्या समारंभाला उघडतात. मी सुनावणीला जाऊन बसलोय. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी सक्तीची आहे. एक शेतकरी, टोपी हातात घेऊन, पाण्याच्या हक्काबद्दल समितीपुढे बोलला, वेळ संपला तसा लाल दिवा लागला, तो वाक्य अर्धं सोडून 'थँक यू' म्हणून उठला. मागे त्याच्याच तालुक्यातला दुसरा उभा होता, नेमका उलट मुद्दा मांडायला.

पक्ष नाहीत असं मात्र कुणी समजू नका. कोण कुठल्या पक्षाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

चिंचेचं बोटूक

मग आपली विधानपरिषद बंद करायची का? ७८ जागा, पडलेल्या पुढाऱ्यांची सोय. राज्यपालांनी बारा नावं अडवून धरली तेव्हा त्या जागा रिकाम्या असल्याचं कुणाला जाणवलं तरी का?

निवृत्त_लेखनिक

बोटूकराव, थांबा जरा. पडलेल्यांची सोय होते हे खरं. पण रोजगार हमी योजना कुणाच्या डोक्यातून आली? वि. स. पागे. ते अठरा वर्षं विधानपरिषदेचे सभापती होते. रोज तालुक्यात लग्नाला-मयताला हजेरी लावावी लागणाऱ्या आमदाराला असला विचार करायला सवड कुठून मिळणार? तमिळनाडूने परिषद मोडली, आंध्रने मोडून परत आणली. नेब्रास्काचा कित्ता अमेरिकेतल्या दुसऱ्या एकाही राज्याने आजवर गिरवलेला नाही, हेही लक्षात घ्या.

चिंचेचं बोटूक

पागे एक. बाकीचे किती, ते सांगा. :)

रानजाई

विषय भरकटतोय. टांगावाले, त्याने अध्यक्षांच्या शपथविधीची तारीख बदलली म्हणतात ते काय?

टांगावाला

विसावी घटनादुरुस्ती. पूर्वी नोव्हेंबरात निवडून आलेला अध्यक्ष मार्चमध्ये शपथ घ्यायचा. काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, त्याहून विचित्र. नवीन सदस्य निवडून यायचे आणि त्यांचं पहिलं नियमित अधिवेशन तेरा महिन्यांनी, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात! मधल्या हिवाळ्यात पडलेले सदस्य जाऊन मतं द्यायचे. ज्याला आता लोकांपुढे जायचंच नाही तो कुणाचं ऐकणार? पुढच्या नोकरीच्या आशेने सत्ताधाऱ्यांचं. नॉरिसची दुरुस्ती सिनेटने पुन्हा पुन्हा मंजूर केली, दुसरं सभागृह पाडत राहिलं. दहाएक वर्षं हा माणूस एका तारखेच्या मागे होता. जानेवारी १९३३ला ती संविधानात आली. काँग्रेस ३ जानेवारीला, अध्यक्ष २० जानेवारीला. दर चार वर्षांनी टीव्हीवर शपथविधी पाहतो तो त्याच्यामुळे त्या तारखेला असतो.

आणि त्याआधी १९३२ला प्रतिनिधीगृहातल्या ला गार्डियाबरोबर कामगार कायदा. 'संघटनेत जाणार नाही' असं नोकरी देतानाच लिहून घ्यायचे, ते करार न्यायालयात टिकणार नाहीत अशी तजवीज. संपाविरुद्ध मनाई हुकूम देण्याचा संघराज्याच्या न्यायाधीशांचा अधिकारही छाटला. स्वतः न्यायाधीश राहिलेल्या माणसाने ते केलं.

अर्धा_कप

बरं, आणि शेवट? एवढा लोकप्रिय होता तर १९४२ला पडला कसा?

ओमाहाकर

मी सांगतो. १९२८लाच त्याने हूवरऐवजी डेमोक्रॅट अल स्मिथला पाठिंबा दिला होता, पुढे रूझवेल्टला. १९३६ला रिपब्लिकन चिठ्ठी काढून अपक्ष म्हणून लढला आणि जिंकला. १९४२ला वय एक्याऐंशी. उभं राहायचं नाही म्हणत होता, पाठीराख्यांनी सह्या गोळा करून उभं केलं. प्रचाराला फिरकला तो अगदी अखेरीस, वॉशिंग्टनमधलं काम सोडवेना. युद्धामुळे धान्याचे भाव, नियंत्रणं, यावरून इथला शेतकरी रूझवेल्टवर चिडलेला, आणि नॉरिस म्हणजे रूझवेल्टचा माणूस. त्यात तिरंगी लढत. डेमोक्रॅटांनी आपला उमेदवार मागे घेतला नाही, मतं फुटली. रिपब्लिकन केनेथ वेरी निम्म्याच्या आसपास मतं घेऊन आला. वेरीचे धंदे: मोटारी, फर्निचर, वकिली आणि अंत्यविधीचं सामान. नॉरिसला ते जिव्हारी लागलं, आपल्याच लोकांनी आपल्याला नाकारलं असं तो बोलून दाखवायचा. मॅकूकला परतला आणि २ सप्टेंबर १९४४ला तिथेच गेला.

मॅकूकचं त्याचं घर आता संग्रहालय आहे, तो रस्ताही नॉरिस अॅव्हेन्यू. ओमाहाहून चार-साडेचार तासांचं ड्रायव्हिंग. कुणी या बाजूला येणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा, पण जायच्या आधी उघडं असल्याची फोनवर खात्री करा.